डेमोसीन स्पर्धेतील चित्रावर अभिप्राय देताना नेमके काय पाहावे : निपाणीहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण निपाणीच्या. आपल्या मित्राने कमोडोर ६४ या जुन्या संगणकाच्या मर्यादेत विडी वळणाऱ्या बाईचे एक चित्र काढले आणि ते युरोपातील एका डेमोसीन स्पर्धेत, म्हणजे संगणकाच्या मर्यादेत राहून कला करणाऱ्या हौशी लोकांच्या स्पर्धेत, सातवे आले. त्याने आपल्याकडे प्रामाणिक अभिप्राय मागितला, तेव्हा आपण ‘चेहरा सपाट वाटतो आणि रंग फार कमी आहेत’ असे लिहिले. तो दुखावला आणि ‘तुला यातले कळत नाही’ असे म्हणाला. त्यातच तिसऱ्या कोणीतरी ते चित्र छायाचित्रावरून उतरवल्याचा संशय घेतला. आता आपण विचारता की चित्रकार नसलेल्या माणसाने अशा चित्रावर बोलावे का, आणि बोलायचे असेल तर कसे. आपण मूळ चित्र आणि त्याने स्पर्धेला दिलेले, चित्र घडतानाचे मधले टप्पे दोन्ही जोडले आहेत, हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे हवेत बोलण्याची वेळ माझ्यावर येत नाही.

माझ्याविषयी इतकेच सांगतो की मी बेळगावजवळच्या वडगावचा आहे. घरी यंत्रमाग होते आणि तरुणपणी मी साडीच्या काठापदराची नक्षी चौकडीच्या कागदावर उतरवण्याचे काम केले. पुढे छपाईच्या डिझाइनमध्ये आलो आणि गेली २० वर्षे पिक्सेलचित्रे, म्हणजे पडद्यावर एकेक बिंदू ठेवून केलेली चित्रे, काढतो, दुरून अशा स्पर्धांना पाठवतो. रविवारी सकाळी आम्ही चारपाच जण माझ्या खोलीवर जमतो आणि त्या वर्षीच्या स्पर्धांमधली चित्रे एकेक करून पाहतो. खाली जे लिहितो आहे ते त्या बैठकांतून हळूहळू बसलेल्या सवयीवर आधारलेले आहे.

माझ्या मते आपली अडचण धाडसाची किंवा भाषेची नाही. आपल्या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या जातीची विधाने एकत्र आली, हे खरे कारण आहे. ‘रंग कमी आहेत’ हे विधान यंत्राविषयी आहे. ‘चेहरा सपाट आहे’ हे विधान चित्राविषयी आहे. पहिले ऐकताच आपल्या मित्राला वाटले की समोरच्याला मर्यादाच ठाऊक नाही, आणि मग दुसरे विधान, जे माझ्या मते खरे आहे, त्याने ऐकूनच घेतले नाही. म्हणून अभिप्राय देण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते: या चित्रात कलावंताच्या हातात काय होते आणि काय नव्हते. जे त्याच्या हातात होते त्याचेच त्याला विचारावे.

ज्यांना हे क्षेत्र नवे आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १९८० च्या दशकात घरगुती संगणकांवरच्या खेळांचे नक्कल रोखणारे कुलूप तोडणारे तरुण त्या खेळांच्या सुरुवातीला आपल्या गटाची नावे, हलती अक्षरे आणि संगीत जोडत असत. हळूहळू तो छोटा तुकडाच स्वतंत्र कला बनला आणि कुलूप तोडण्याचा धंदा मागे पडून डेमोसीन उभे राहिले. फिनलंडचा असेंब्ली हा मेळावा १९९२ पासून भरतो, तर जर्मनीतील झारब्रुकनचा रिव्हिजन हा मेळावा २०११ पासून ईस्टरच्या सुट्टीत भरतो. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनचा आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत समावेश केला. या मेळाव्यांत संगणकावर चालणाऱ्या हलत्या दृश्यांबरोबर स्थिर चित्रांच्याही स्पर्धा असतात आणि प्रत्येक गटाची मर्यादा निराळी असते.

मर्यादा निराळी म्हणजे किती निराळी, हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकावर पडदा २५६ × १९२ बिंदूंचा असतो आणि ८ × ८ बिंदूंच्या प्रत्येक घरात फक्त दोन रंग बसतात, तेही दोन्ही उजळ किंवा दोन्ही मंद. त्याच वर्षीच्या कमोडोर ६४ वर एकूण १६ रंग असतात आणि ते यंत्रात ठरलेले असतात, चित्रकाराला त्यांतली एक छटाही बदलता येत नाही. आपल्या मित्राने वापरलेल्या बहुरंगी पद्धतीत पडदा १६० × २०० बिंदूंचा होतो, ४ × ८ बिंदूंची १००० घरे पडतात आणि प्रत्येक घरात तीन रंग निवडता येतात. चौथा रंग सगळ्या चित्राला एकच असतो. उलट १९८५ च्या अमिगा या संगणकावर नेहमीच्या पद्धतीत ४०९६ छटांमधून ३२ छटा चित्रकार स्वतः निवडतो. म्हणजे अमिगाच्या चित्रातली त्वचा मळकट दिसत असेल तर ती चित्रकाराची निवड आहे आणि त्यावर जरूर बोलावे. कमोडोरच्या चित्रातला तपकिरी रंग मळकट आहे असे म्हणणे मात्र त्या चित्रकाराला लागू होत नाही. तो तपकिरी त्याने कुठे लावला, कशाशेजारी लावला आणि किती लावला, एवढेच त्याच्या हातात होते.

इथे आपल्या भागातल्या एका सवयीचा उल्लेख करावासा वाटतो. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकाराने बेळगावात व्यक्तिचित्रणाची मोठी परंपरा रुजवली. रांगोळीतून उभी केलेली माणसेही आपण लहानपणापासून कौतुकाने पाहत आलो आहोत. त्यामुळे चित्र समोर आले की आपण नकळत ‘हुबेहूब आहे का’ हा एकच प्रश्न विचारतो. त्या परंपरेविषयी मला मनापासून आदर आहे, पण १६० बिंदू रुंदीच्या चित्राला हा प्रश्न पहिला विचारला की उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते आणि बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी मी असे विचारतो की या चित्रात नजर आधी कुठे जाते, आणि चित्रकाराला ती तिथेच न्यायची होती का.

त्याआधी चित्र नीट पाहिले गेले पाहिजे, आणि निम्मे चुकीचे अभिप्राय इथेच जन्मतात. नक्षीच्या कामात मी हे फार लवकर शिकलो. चौकडीच्या कागदावरचा प्रत्येक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट असते आणि कागदाची प्रत्येक ओळ जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्रणेच्या, एका पत्त्यावरच्या भोकांमध्ये उतरते. पण कापडात इंचाला उभे धागे जास्त आणि आडवे कमी असले, तर कागदावर गोल दिसणारी बुट्टी विणल्यावर उभट होते. मी काढलेली पहिली कोयरी अशीच ताणली गेली होती. मी कागदाला नाक लावून चूक शोधत बसलो होतो, तेव्हा माझे काम तपासणारे वयस्क कारागीर मला म्हणाले होते, “लांबून बघ की रे अगोदर, जवळ जाऊन काय बघूलास?” त्यांनी विणलेला तुकडा खिडकीशी धरला, मला दहा पावले मागे नेले आणि मग कागदाकडे वळवले.

पिक्सेलचित्राचे तेच आहे. कमोडोरच्या बहुरंगी पद्धतीतला एक बिंदू उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंद असतो. तीच फाइल आजच्या पडद्यावर चौरस बिंदूंनी उघडली तर बाई अरुंद आणि उभट दिसते, आणि पाहणारा लगेच ‘प्रमाण चुकले’ असे लिहितो. त्यामुळे चित्र आडवे दुप्पट करून घ्यावे. मोठे करताना दोनपट, तीनपट, चारपट असे पूर्णांकातच करावे आणि कडा मऊ करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती चालू असली की चित्रकाराने एकेक बिंदू ठेवून केलेले काम धुक्यात जाते. शक्य असल्यास प्रत्यक्ष यंत्रावर नाहीतर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्रासारखे वागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पाहावे. जुन्या काचेच्या पडद्यावर शेजारचे बिंदू एकमेकांत किंचित मिसळत आणि अनेक चित्रकार ते मिसळणे धरूनच काम करतात. हे सगळे झाले की आधी चित्र लहान आकारात, हात लांब करून पाहावे. मोठे करून तपासणी नंतर करावी. हा क्रम मी कधीही उलटा करत नाही.

आता आपल्या मित्राचे चित्र. उंबऱ्याशी बसलेली बाई, डावीकडून दारातून येणारा उजेड, मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची पाने आणि जर्दा, हिरवे लुगडे, मागे राखाडी भिंत. विषय निपाणीचा आहे आणि तो त्याने लांबून पाहिलेला नाही, हे सुपाच्या कडेवर अडकवलेल्या दोऱ्याच्या गुंडीवरून लगेच कळते. लहान आकारात पाहताना माझी नजर आधी सुपाकडे गेली, मग दाराच्या उजेडाकडे आणि सगळ्यात शेवटी, शोधल्यावर, हातांकडे. चित्राचे नाव विडी वळण्याविषयी आहे आणि वळणारी बोटे मात्र शोधावी लागतात. सपाट चेहऱ्यापेक्षा हा मोठा प्रश्न आहे असे मला वाटते.

याचे कारण नेमके सांगता येते. कमोडोर ६४ चे १६ रंग वेगवेगळे दिसतात, पण उजळपणाच्या पायऱ्या फक्त ९ आहेत. काळा सर्वात खाली आणि पांढरा सर्वात वर एकेकटे असतात. मधले १४ रंग जोडीजोडीने एकाच पायरीवर बसतात: निळा आणि तपकिरी, लाल आणि गडद राखाडी, जांभळा आणि नारिंगी, फिका निळा आणि मधला राखाडी, हिरवा आणि फिका लाल, आकाशी आणि फिका राखाडी, पिवळा आणि फिका हिरवा. अगदी सुरुवातीच्या चिपमध्ये पायऱ्या याहूनही कमी होत्या, पण आज चित्रकार ही नऊ पायऱ्यांची शिडीच धरून चालतात. आपल्या मित्राने उजेडातल्या त्वचेला फिका लाल वापरला आहे आणि लुगड्याला हिरवा. हात छातीशी धरलेले असल्यामुळे त्यांच्या मागे लुगडे येते. फिका लाल आणि हिरवा या दोन्हींचा उजळपणा एकच. रंग निराळे म्हणून जवळून हात दिसतो, पण दोन पावले मागे गेले की तो लुगड्यात विरघळतो. चित्राची रंगीत माहिती काढून ते नुसते काळे-पांढरे करून पाहा, हातांच्या जागी एक सलग करडा डाग दिसेल.

आपण जोडलेल्या टप्प्यांमध्ये याचा उगमही सापडतो, आणि मला तो भाग सर्वात मोलाचा वाटला. तिसऱ्या टप्प्यात लुगडे निळे आहे. निळा शिडीच्या खालच्या पायरीवर असल्यामुळे त्या टप्प्यात हात स्पष्ट उठून दिसतात. चौथ्या टप्प्यात लुगडे हिरवे झाले आणि हात हरवले. बहुधा त्याच्या आठवणीतले लुगडे हिरवेच असावे, आणि ती आठवण जपण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. म्हणून मी त्याला ‘पुन्हा निळे कर’ असे सांगणार नाही. हातांच्या मागे येणाऱ्या सहासात घरांपुरताच हिरव्याऐवजी गडद राखाडी वापरून तिथे हातांचीच सावली पाडता येईल, बाकी लुगडे हिरवेच राहील. त्या घरांमध्ये आत्ता फिका लाल, नारिंगी आणि हिरवा असे तीनही रंग वापरलेले आहेत, त्यामुळे हिरवा काढल्याशिवाय गडद राखाडीला जागा नाही, हेही त्याला सांगावे लागेल. उपाय सुचवताना तो त्या घरात बसतो का हे मोजून पाहिले, तर समोरच्याला आपण त्याच्या बाजूने विचार केला हे आपोआप कळते.

आता चेहरा. आपल्याला तो सपाट वाटला ते बरोबरच आहे. उजेड डावीकडून आहे असे दार सांगते, पण उजेडातला गाल फिका लाल आणि सावलीतला गाल नारिंगी आहे. शिडीवर हे दोन रंग इतके जवळ आहेत की सावली पडल्यासारखी वाटतच नाही. सावलीच्या गालात नारिंगी कमी करून तपकिरी वाढवला, किंवा तपकिरीच्याच पायरीवरचा निळा वापरला, तर चेहरा वळेल. निळा ऐकून आपल्याला दचकायला होईल, पण उजळपणा तोच असल्यामुळे डोळा तो थंड सावली म्हणून स्वीकारतो, आणि कमोडोरच्या चांगल्या चित्रांमध्ये त्वचेतला निळा आणि जांभळा याच कारणाने येतो.

उजेडातल्या गालाच्या कडेला आणखी एक गोष्ट दिसते. कानाखाली चार बिंदूंची एक सरळ उभी रेघ आहे. तिथे घरात भिंतीचा राखाडी शिरला, म्हणून नारिंगी, तपकिरी आणि राखाडी असे तीन रंग संपले आणि गालाचा फिका लाल त्या घरात येऊच शकला नाही. त्यामुळे गालाची गोलाई घराच्या सीमेवर कापली गेली. ही मर्यादा खरी आहे, पण तिच्यातून वाट होती. सगळ्या चित्राला समान असलेला चौथा रंग त्याने काळा ठेवला आहे आणि तो कोणत्याही घरात फुकट मिळतो. केस कानामागून थोडे खाली ओढले असते, किंवा गाल आणि भिंत यांच्यामध्ये सावलीची काळी फट ठेवली असती, तर राखाडी त्या घरात शिरलाच नसता. डोके दोन बिंदू डावीकडे सरकवूनही हे साधले असते. मर्यादेमुळे दोष आला, हे स्पष्टीकरण मी एका हद्दीपर्यंतच मान्य करतो. ती मर्यादा चित्रकाराला पहिल्या दिवसापासून माहीत असते आणि तिच्याभोवती रचना करणे हेच या कलेचे कौशल्य आहे. आम्ही नक्षी काढताना धागा फार लांब सुटा राहू नये म्हणून मध्ये बांधणी द्यायचो आणि ती बांधणी फुलाच्या शिरेतच लपवायचो. बांधणी उघडी दिसली तर माल परत येई, आणि मागाला तसेच लागते हे कारण कोणी ऐकून घेत नसे.

सुपाविषयी एक शब्द. पिवळा आणि तपकिरी यांचे बिंदू एकाआड एक मांडून त्याने मधली छटा मिळवली आहे, याला डिदरिंग म्हणतात, आणि ते करण्यात काहीच गैर नाही. पण सुपाच्या तळाला, कडेला आणि बाईच्या मागच्या भिंतीलाही तीच बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आहे. बांबूच्या कांबट्यांची वीण एका दिशेने जाते, भिंत खरखरीत असते, आणि दोन्हींना एकच पोत दिला की पाहणाऱ्याला हा भाग हाताने केला की सॉफ्टवेअरने, अशी शंका येते. आपल्या मित्रावर आलेल्या संशयाचे एक मूळ इथेच आहे असे मला वाटते. बिंदूंची मांडणी कांबट्यांच्या दिशेने तिरपी नेली, तर सूप सूप वाटेल आणि शंकाही मिटेल.

आता त्या संशयाविषयी. १९९० च्या दशकात या क्षेत्रात बोरिस वायेहो यांच्यासारख्या चित्रकारांची अद्भुतरम्य चित्रे हाताने, बिंदू बिंदू ठेवून उतरवण्याची मोठी प्रथा होती. स्कॅनर घरोघरी नव्हते, त्यामुळे माउसने असे चित्र उतरवणे हेच कसब मानले जाई आणि अशी चित्रे जिंकतही असत. स्कॅनर स्वस्त झाले तसे तेच चित्र काही मिनिटांत यंत्राकडून रूपांतरित करून वर थोडी डागडुजी करणे शक्य झाले, आणि कौशल्य कशाला म्हणावे यावर कडवट वाद झाले. त्यातूनच चित्रासोबत कामाचे मधले टप्पे द्यावेत हा नियम अनेक स्पर्धांनी स्वीकारला. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रतिमांविषयीही काही ठिकाणी स्पष्ट नियम असतात.

अभिप्राय देणाऱ्याने या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. छायाचित्र समोर ठेवून काढणे आणि छायाचित्र यंत्राने रूपांतरित करणे या एक नव्हेत. पहिले बहुतेक चित्रकार करतात, आणि ते सांगून टाकले तर त्यात कमीपणा नाही. आपल्या मित्राच्या टप्प्यांमध्ये पहिल्यात डोके सरळ आहे, दुसऱ्यात ते सुपाकडे झुकले आहे आणि खांद्याची रेषा दोनदा पुसून काढलेली आहे. यंत्राने केलेल्या रूपांतरात अशी खाडाखोड सहसा दिसत नाही. त्याने छायाचित्र पाहिले होते की नाही हे मी टप्प्यांवरून सांगू शकत नाही. ते त्यालाच विचारावे, आणि आरोपाच्या सुरात नव्हे तर ‘कशावरून काढलेस’ असे सरळ विचारावे. पुरावा नसताना नक्कल हा शब्द लिहिणे मी कटाक्षाने टाळतो, कारण तो शब्द एकदा चिकटला की चित्रातली बाकी कोणतीही गोष्ट कोणी पाहत नाही.

सातव्या क्रमांकाबद्दल आपण विचारले नाही, पण तो आपल्या दोघांच्याही मनात आहे असे पत्रातून जाणवते. या स्पर्धांमध्ये बहुधा मेळाव्याला आलेले लोकच मते देतात. चित्र मोठ्या पडद्यावर काही क्षण दिसते आणि पुढचे येते. अशा पाहण्यात दुरून ठसणारी रचना, मोठा चेहरा, तीव्र उजेड यांना फायदा मिळतो, आणि ज्या चित्रात हात शोधावे लागतात त्याचे नुकसान होते. म्हणजे क्रमांक अगदी निरर्थक नाही, त्या चित्राच्या एका उणिवेबद्दल तो काही सांगतो. पण सुपाच्या कडेवरची दोऱ्याची गुंडी सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून दिसली नसणार, आणि ती चित्रातली सर्वात खरी जागा आहे.

हे सगळे कमोडोरच्या चित्राला लागू आहे, प्रत्येक गटाला नाही. चार किलोबाइटच्या गटात ४०९६ बाइटचा एक संगणकी प्रोग्रॅम स्वतः चालून चित्र तयार करतो. तिथे बिंदूंच्या मांडणीची चर्चा अप्रस्तुत असते, आणि प्रकाश, रचना, तसेच गणिती आकारांच्या पलीकडे काही जाणवते का हे पाहावे लागते. इतक्या कमी जागेत हे बसवले याचे कौतुक वेगळे करावे आणि चित्र म्हणून ते कसे आहे हे वेगळे सांगावे. अक्षरचित्रांच्या गटात ८० स्तंभांच्या पडद्यावर अक्षरे आणि ठोकळेच असतात, तिथे आकृतीची बाह्यरेषा सगळ्यात आधी तपासावी. आधुनिक गटात बिंदूंचे किंवा रंगांचे बंधन जवळजवळ नसते, त्यामुळे तिथे मर्यादेची सवलतही देऊ नये, नेहमीच्या चित्रकलेचे निकष पूर्ण कठोरपणे लावावेत.

आता आपण त्याला काय लिहावे. मी असतो तर चार गोष्टी सांगितल्या असत्या, आणि हा क्रम पाळला असता. पहिली, मला काय दिसले: नजर सुपाकडे गेली, हातांकडे उशिरा आली. दुसरी, कोणती जागा मला आवडली आणि का: दोऱ्याची गुंडी, आणि दाराच्या चौकटीवर दोनच रंगांत पकडलेला सकाळचा उजेड. तिसरी, एकच मोठी अडचण, तिच्या कारणासह: हात आणि लुगडे एकाच पायरीवर आहेत. चौथी, एक प्रश्न: तिसऱ्या टप्प्यातले निळे लुगडे बदलताना तुझ्या मनात काय होते? चेहरा, गालाची रेघ आणि सुपाचा पोत हे त्याने विचारले तरच सांगितले असते. एका वेळी पाच दोष ऐकले की माणूस सगळ्यात किरकोळ दोषावर वाद घालतो, हे आमच्या रविवारच्या बैठकीत मी पुष्कळदा पाहिले आहे आणि माझ्या स्वतःच्या चित्रांबाबत मी तसे वागलोही आहे.

चित्रकार नसलेल्या माणसाने बोलावे का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. घरांची मोजणी आणि पायऱ्यांची शिडी आपल्याला ठाऊक नव्हती, पण चेहरा सपाट आहे हे आपल्या डोळ्याला बरोबर कळले होते. मित्राला त्या डोळ्याची गरज आहे, कारण चित्र काढणारा माणूस आठवडे आठवडे ते आठपट मोठे करून पाहत असतो आणि लहान आकारात ते कसे दिसते हे तो विसरतो. फक्त कारण माहीत नसेल तिथे कारण सांगू नये. ‘चेहरा मला सपाट वाटला, का ते मला सांगता येत नाही’ असे वाक्य पूर्ण प्रामाणिक आहे आणि त्याने कोणी दुखावत नाही.

काही गोष्टी मात्र आपल्या दोघांच्या नात्यावर अवलंबून आहेत आणि त्या मी बाहेरून ठरवू शकत नाही. निकालानंतर लगेच मागितलेला अभिप्राय बहुधा धीर मागत असतो. महिन्याभराने, पुढचे चित्र हातात घेताना मागितलेला अभिप्राय खरोखर मदत मागत असतो. तो आत्ता कोणत्या मनःस्थितीत आहे हे आपणच जाणता. त्याची तयारी असेल तर हातांमागची ती घरे गडद राखाडी करून एक प्रत त्याला करायला सांगा, दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवा आणि दोघांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून पाहा. ती दुसरी प्रत मलाही पाठवली तर मी ती पुढच्या रविवारी आमच्या बैठकीत लावीन आणि तिथे काय बोलणे झाले ते आपल्याला सविस्तर कळवीन.